नम्रता कोणापुढे? : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे एक पुनर्वाचन

धर्मशिक्षणाच्या परंपरेत काही शब्द असे रुळलेले असतात की त्यांचा अर्थ विचारावा, असे कोणास सुचतच नाही. 'नम्रता' हा त्यांपैकी एक होय. प्रवचनात, पापनिवेदन ऐकताना, गुरुविद्यालयातील विद्यार्थ्याविषयी शेरा लिहिताना आपण तो सहज वापरतो, आणि ऐकणाराही मान लववून तो स्वीकारतो. परंतु हा शब्द कोण कोणास उद्देशून उच्चारतो, याकडे लक्ष दिले म्हणजे मन अस्वस्थ होते. तो बहुधा वरून खाली जातो. धर्मगुरू व्रतस्थ भगिनीस, भगिनी आश्रमातील मुलीस, जुना ख्रिस्ती नव्या ख्रिस्त्यास नम्र होण्यास सांगतो. उलट दिशेने जाताना हा शब्द आम्ही क्वचितच ऐकला आहे.

या प्रश्नाची चर्चा केवळ तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा एका ग्रंथाच्या आधारे करावी, असे आम्हांस वाटते. तो ग्रंथ म्हणजे पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. सिस्टर जेराल्डिन यांनी तो जपून ठेवला व संकलित केला, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या चरित्राचे साधन म्हणून त्याचा पुष्कळ उपयोग झाला आहे. स्त्रीस्वातंत्र्याचा आणि वसाहतकालीन मिशनकार्याचा दस्तऐवज म्हणूनही तो वाचला गेला आहे. आम्हांस तो अध्यात्मशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचावासा वाटतो. कारण त्यातील पुष्कळशा पत्रांच्या मुळाशी एकच आरोप आहे. तो म्हणजे नव्याने बाप्तिस्मा घेतलेली ही विदुषी अहंकारी आहे, हा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, एका मराठी शास्त्र्याच्या घरी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि मातेने ते कन्येस दिले. दुष्काळाने आईवडील व बहीण हिरावून नेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे विवाह, कन्याजन्म आणि अल्पावधीतच वैधव्य. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. हे मराठी संबोधन वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढील सारा वाद या मायेच्या नात्याच्या आत झालेला आहे.

वादाचे विषय पाहिले तर प्रथम हसू येते. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. ज्या गोड पदार्थात अंडे आहे तोही त्या घेत नसत. मठाच्या दृष्टीने ही जुन्या जातीच्या अभिमानाची शिल्लक होती. रमाबाईंनी आपल्या उत्तरात या शंकेची चांगलीच थट्टा केली आहे. माझा गर्व तुम्हांला खाण्याच्या पदार्थांतच शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा, अशा आशयाचे ते उत्तर आहे. दुसरा वाद क्रुसाचा. भगिनी जो क्रूस धारण करीत त्यावरील अक्षरे लॅटिन होती. रमाबाईंनी विचारले की, जी भाषा मला येत नाही ती माझ्या क्रुसावर कशासाठी? तेथे संस्कृत का नसावे? तिसरा वाद अधिक गंभीर होता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत व शिकवीत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना पुढे आली. मुंबई व लाहोर येथील बिशपांनी तिला हरकत घेतली. असे केल्यास हिंदुस्थानातील त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. १८८५ साली रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना जे लिहिले त्याचा भावार्थ असा की, माझ्या वडिलांनी वा पतीने ज्या गोष्टीस कधी आक्षेप घेतला नाही, तिच्याविषयी मला न विचारता माझ्या वतीने इतरांनी निर्णय करावा, हे मला मान्य नाही.

याच सुमारास त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीजन्म यांविषयीचे आपले संशयही त्यांनी उघडपणे मांडले. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मी नुकतेच फेकून दिले आहे, तेव्हा दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्यास मी तयार नाही, असे त्यांचे सांगणे. यावर सिस्टर जेराल्डिन यांचे निदान ठरलेले आहे. ही स्वतंत्रता नसून स्वैरता आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने ख्रिस्तसभेच्या अधिकारापुढे बुद्धी नमविली पाहिजे. जी नमवीत नाही ती नम्र नाही.

येथे सिस्टर जेराल्डिन यांना खलनायिका ठरविणे फार सोपे आहे, आणि अलीकडच्या काही लेखनात ते झालेलेही आहे. आम्ही त्या वाटेने जाऊ इच्छित नाही. त्यांची चिंता खोटी नव्हती. श्रद्धा म्हणजे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने निवडलेली मतांची जुडी नव्हे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. रमाबाईंचा सूरही काही पत्रांत बोचरा आहे. वादात जिंकण्याची गोडी त्यांना होती, आणि शास्त्रार्थाच्या सभांत वाढलेल्या व्यक्तीस ती असणे स्वाभाविक होते. आणखी एक गोष्ट. ज्या पत्रांत आपल्यावरच कठोर टीका आहे ती पत्रे सिस्टरनी नष्ट केली नाहीत. ती सांभाळून ठेवली, म्हणूनच आज आपण हा न्याय करू शकतो. त्यांच्या उपदेशात जी नम्रता आम्हांस आढळली नाही ती त्यांच्या या एका कृतीत आढळते.

तथापि मूळ प्रश्न उरतोच. त्यांनी ज्यास अहंकार म्हटले तो अहंकार होता काय?

याचे उत्तर शोधताना आम्हांस शास्त्रातील तीन स्थळे आठवतात. पहिले रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातील. तेथे केवळ भाजीपाला खाणाऱ्या विश्वासणाऱ्याचा उल्लेख अक्षरशः आला आहे. पौल खाणाऱ्याला सांगतो की न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याला सांगतो की खाणाऱ्यास दोषी ठरवू नये. वाँटेजच्या भोजनगृहात हा अध्याय कोणी उघडला असता तर कितीतरी पत्रे लिहावीच लागली नसती.

दुसरे स्थळ योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील, शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगाचे. नम्रतेवरील प्रत्येक प्रवचनात हा प्रसंग येतो, परंतु त्याच्या आरंभीचे विधान बहुधा गाळले जाते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला, असे शुभवर्तमानकार सांगतो. म्हणजे कमरेला रुमाल बांधण्याच्या आधी स्वतःच्या थोरवीची पूर्ण जाणीव आहे. ती जाणीव बाजूस सारून त्याने पाय धुतले, असे शास्त्र म्हणत नाही. ती जाणीव होती म्हणूनच धुतले, असे म्हणते. फिलिप्पैकरांस पत्रातही ज्याने स्वतःला रिक्त केले तो देवाच्या स्वरूपाचा होता. ज्याच्यापाशी काही आहे तोच ते ओतून देऊ शकतो. ज्याचे सर्वस्व इतरांनी आधीच हिरावून घेतले आहे त्यास रिक्त होण्याचा उपदेश करणे म्हणजे नम्रतेचा उपदेश नव्हे. ती झालेल्या चोरीस घातलेली धर्माची झूल आहे.

तिसरे स्थळ महायाजकापुढील चौकशीचे. शिपाई येशूच्या तोंडात मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर का मारतोस, असा प्रश्न तो करतो. डोंगरावर दुसरा गाल पुढे करण्यास सांगणाऱ्या प्रभूनेच हा प्रश्न विचारला, हे विसरून चालणार नाही. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असे आविलाच्या संत तेरेजा यांनी सांगितले ते याच अर्थाने. आपल्याविषयी खोटे वाईट बोलणे ही नम्रता नव्हे. इतरांनी बोललेले खोटे निमूट मान्य करणे हीही नव्हे.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांच्या आत्मसन्मानाचा उगम कोठे होता? पांडित्यात, असे सिस्टर जेराल्डिन यांना वाटले. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत निराळेच सांगितले आहे. धर्मग्रंथ वाचताना स्त्रीजात हीन आहे आणि तिला मोक्षाचा अधिकार नाही, एवढ्या एका गोष्टीवर सर्वांचे एकमत त्यांना दिसले होते. म्हणजे पांडित्याने त्यांना पदव्या दिल्या, परंतु माणूस म्हणून मोल दिले नाही. ते मोल त्यांना प्रथम दिसले लंडनमधील फुलहॅम येथे. वाँटेजच्याच भगिनी तेथे समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करीत होत्या. असे का करता, असे विचारता एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर एकट्या आलेल्या, नाव नसलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्ताने जो गहन संवाद केला, त्याने रमाबाईंचे अंतःकरण जिंकले.

या ग्रंथातील खरा पेच आमच्या मते येथे आहे. ज्या संघाने या विधवेस, तू देवाच्या दृष्टीने मोलाची आहेस, हे शिकविले, त्याच संघास ती ते मोल जाणून ताठ मानेने बोलू लागताच ती गर्विष्ठ वाटू लागली. शोमरोनी स्त्रीने विहिरीवर येशूस प्रश्नामागून प्रश्न विचारले. उपासनास्थळाचा वाददेखील काढला. येशूने तिला गप्प केले नाही. डोरोथिया बील यांनी रमाबाईंच्या शंकांशी ज्या धीराने पत्रोपत्री विचार केला, त्यात त्या विहिरीवरच्या संभाषणाची छाया आम्हांस दिसते.

एक आक्षेप येथे संभवतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली रमाबाईंनीच पुढे दिली आहे. मग सिस्टर जेराल्डिन बरोबर नव्हत्या काय? आमचे उत्तर असे की, उणीव होती, पण निदान चुकले होते. त्या काळी त्यांच्यात कमतरता होती ती ख्रिस्ताच्या निकट सहवासाची, मठाच्या आज्ञापालनाची नव्हे. पुढे ती भरून निघाली तेव्हा त्यांचा स्वतंत्र बाणा मावळला नाही. त्या कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली गेल्या नाहीत. मावळली ती स्वतःसाठी काही राखून ठेवण्याची गरज. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा आणल्या आणि केडगावास मुक्तिसदन वाढविले. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते मुक्तिसदनाच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले. त्याची भाषा कोणती? 'सरस्वती' पदवी मिळविलेल्या या स्त्रीने संस्कृतप्रचुर मराठी हेतुतः दूर ठेवली आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजेल असे लिहिण्याचा प्रयत्न केला. ज्या संस्कृतासाठी त्या क्रुसावरील अक्षरांविषयी भांडल्या, तेच त्यांनी आपणहून खाली ठेवले. कोणी ते हिसकावून घेतले असते तर या त्यागास काय अर्थ उरला असता? नम्रता या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आम्हांस अन्यत्र आढळलेला नाही.

अलीकडे स्वतःवर प्रेम करा, स्वतःस कमी लेखू नका, असे सांगणारी पुस्तके विपुल आहेत आणि आपल्या तरुणांच्या हाती ती असतात. त्यांत तथ्य नाही असे नाही; पण त्यांतील स्वत्व स्वतःपाशीच सुरू होते आणि स्वतःपाशीच संपते. रमाबाईंचे तसे नव्हते. त्यांचे मोल त्यांना दिलेले होते, म्हणून ते सिद्ध करीत बसण्याची जरुरी त्यांना उरली नाही. आत्मसन्मान व नम्रता यांत वैर आहे हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. ही दोन्ही कृपेची फळे आहेत.

असो. परीक्षकाने शेवटी स्वतःसही तपासावे, हे योग्य होय. आम्हीही एकेकाळी एका विद्यार्थ्याच्या वार्षिक अहवालात 'नम्रतेचा अभाव' असा शेरा लिहिला होता. त्याने काय केले होते? वर्गात एका प्रश्नाचे आमचे उत्तर अपुरे आहे, असे शांतपणे दाखवून दिले होते, आणि ते खरोखर अपुरे होते. सिस्टर जेराल्डिन यांची पत्रे वाचताना तो शेरा आम्हांस आठवला, आणि त्यांच्यावर दगड उचलण्याचे धैर्य राहिले नाही. धर्मगुरुपदाची तयारी करणाऱ्या व करविणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेच सुचवितो की, यापुढे कोणास नम्र होण्यास सांगण्यापूर्वी आपण त्यास देवापुढे नमविण्यास निघालो आहोत की आपल्यापुढे, हे क्षणभर थांबून पाहावे. देवापुढे नमविणे हे आत्म्याचे कार्य आहे. आपल्या हाती पाणी, घंगाळ आणि रुमाल एवढेच दिलेले आहे.