शोधप्रबंधांच्या नोंदी आणि प्रताधिकाराची मर्यादा

प्रस्तावना
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले. आज इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' भांडारात लाखो प्रबंध आहेत. प्रबंधाच्या प्रताधिकाराची चर्चा आपल्याकडे होते. त्याच्या नोंदीचा, म्हणजे मेटाडेटाचा, पुनर्वापर मात्र संदिग्धच राहिला आहे. ही संदिग्धता कायद्यापेक्षा नोंदीच्या मांडणीतून अधिक उद्भवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन
शीर्षक, संशोधकाचे नाव, विद्यापीठ, वर्ष ही तथ्ये होत. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असा निर्वाळा दिला की, केवळ श्रम व भांडवल खर्ची पडल्याने प्रताधिकार लाभत नाही. किमान सर्जकता हवी. त्यामुळे ग्रंथपालाने कितीही कष्टाने नोंद केली तरी तीतील तथ्ये कोणाची मालमत्ता ठरत नाहीत. सारांशाचे तसे नाही. ती लेखकाची स्वतंत्र शब्दरचना आहे. संकलनातील निवड व मांडणीही, सर्जक असल्यास, संरक्षणास पात्र ठरते.

डब्लिन कोअरच्या १५ घटकांत 'हक्क' हा एक घटक आहे. तो मूळ साधनाविषयी बोलतो, नोंदीविषयी नाही. तरीही प्रबंधावरील अट नोंदीलाही लागू आहे, असा समज सहज होतो. ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करण्याच्या प्रणालीत नोंदीच्या हक्कांसाठी 'अबाउट' हा वेगळा कप्पा आहे. परंतु तो ऐच्छिक असल्याने न भरताही नोंद ग्राह्य ठरते.

याचा फटका मराठी संशोधनास बसतो. मराठी प्रबंधाचे शीर्षक रोमन लिपीत नोंदले की 'ज्ञानेश्वरी'तील 'ज्ञ' कोणत्या अक्षरांनी लिहिला, यावर प्रबंध सापडणे अवलंबून राहते. अशा नोंदी देवनागरीत दुरुस्त करून, विषयसंज्ञा जोडून पुन्हा प्रसृत करण्याचे काम महाविद्यालयीन ग्रंथालये करू शकतात. परवानगीची शंका असेल तर ती त्यास हात घालणार नाहीत.

नोंदी मुक्त केल्यास विद्यापीठाचे श्रेय हरपेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः निराधार नाही. तथापि श्रेयनिर्देश ही विद्याव्यवहाराची नीती आहे; ती पाळण्यासाठी तथ्यांवर मालकी सांगण्याची गरज नाही. 'अर्काइव्ह' या भांडाराने आपला मेटाडेटा सीसी-शून्य घोषणेखाली खुला केला आहे.

निष्कर्ष
प्रत्येक भांडाराने प्रबंध, सारांश आणि तथ्यात्मक नोंद यांच्या वापराच्या अटी स्वतंत्रपणे नमूद कराव्यात. त्याविना प्रबंध उपलब्ध असूनही अज्ञातच राहतील.