पागेची वास्तु

नवापूर ज्या नंदुरबार जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तथापि वाड्यांचीं वर्णनें लिहितांना आपण पागेची बोळवण बहुधा एका ओळींत करितों. ही उपेक्षा किती अनाठायीं आहे, हें मेक्सिको शहरालगतच्या ‘क्वाद्रा सान क्रिस्तोबाल’ या वास्तूवरून कळतें. लुइस बारागान यांनीं ती १९६६-६८ त एगेर्स्ट्रॉम कुटुंबाकरितां बांधिली. येथें अंगण हें घोड्यांचें; गुलाबी भिंतींतील वाटा त्यांच्या येण्याजाण्याच्या; तांबूस भिंतीवरून कोसळणारें पाणीही त्यांच्याच हौदांत पडतें. कांहीं भिंती छप्पर न पेलतां नुसता आडोसा करितात, असा आक्षेप घेतां येईल. परंतु त्या आडोशानेंच अंगणास आकार येतो. सारांश, पागेचे खुंट व हौद मोजल्यावांचून कोणत्याही वाड्याचें टिपण पुरें झालें असें समजूं नये.