'गुरुदीक्षा' आणि 'पाचारण' : दोन मराठी संज्ञांचा विचार

मीरा-भाईंदरमधील गोडदेव हे गाव साष्टीच्या उत्तर टोकाशी वसलेले आहे, खाडीपलीकडे वसई. या परिसरात ख्रिस्ती समाजाची मराठी शतकानुशतके घडत आली आणि धर्मसेवकासाठी योजलेले शब्द तीत थरांप्रमाणे साठत गेले. 'पाद्री' हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला व १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावरही टिकला. त्याचा मूळ अर्थ 'पिता'; तो नाते सांगतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील 'पाळक' कार्य सांगतो. परंतु धर्मसेवक होणे म्हणजे नेमके काय होणे, या प्रश्नाचा उलगडा 'गुरुदीक्षा' व 'पाचारण' या दोन संज्ञांतूनच करावा लागतो.

'गुरुदीक्षा' हा समास द्व्यर्थी आहे. मराठी परंपरेत त्याचा रूढ अर्थ गुरूने शिष्याला दिलेली दीक्षा; कॅथलिक व्यवहारात मात्र त्याचा अर्थ गुरुपदाची दीक्षा असा होतो. विग्रह बदलताच घेणाऱ्याचे स्थानही बदलते. तरीही जुना अर्थ पुरता पुसला जात नाही. गुरू व शिष्य या दोघांतच पूर्ण होणारा तो व्यवहार असल्याने, दीक्षा ही घेणाऱ्याची वैयक्तिक आध्यात्मिक संपत्ती आहे, असा समज त्यातून सहज बळावतो.

'पाचारण' या शब्दाची घडण निराळी आहे. पूर आला म्हणजे लष्कराला पाचारण होते. रुग्ण अत्यवस्थ झाला म्हणजे वैद्याला. येथे पाचारण करणारा, पाचारलेला आणि ज्याच्यासाठी पाचारण झाले तो, असे तीन पक्ष असतात. पाचारलेल्याचा गौरव हा त्याचा हेतू नव्हे. तिसऱ्याची निकड हा त्याचा हेतू होय. व्यवहारातील अर्थावरून धर्मसिद्धान्त सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि भाविक जो अर्थ गृहीत धरून संज्ञा ऐकतो, तो याच व्यवहारातून येतो.

या संज्ञेतही एक उणीव आहे. 'मला पाचारण झाले' या वाक्यात कर्ता लुप्त राहतो. कोणीही ते उच्चारावे व कोणालाही ते खोडता येऊ नये. दीक्षाविधी ही उणीव भरून काढतो. कॅथलिक विधीत उमेदवाराला पुकारले जाते व तो आपली उपस्थिती सांगतो. तो योग्य आहे काय, असे बिशप विचारतात आणि लोकांकडे केलेल्या चौकशीच्या आधारे त्याची ग्वाही दिली जाते. अंतःकरणात ऐकू आलेल्या हाकेला अशा रीतीने समाजाची साक्ष जोडली जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये व पाळकपदाची दीक्षा १९०४ मध्ये झाली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' स्थापन केला. पाचारणाने दीक्षेवर मात केली, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरतो. टिळक एकान्तात गेले नाहीत. ज्यांच्यासाठी पाचारण, तो तिसरा पक्षच त्यांनी अधिक व्यापक केला. मात्र १९०४ च्या दीक्षेला जशी मंडळीची साक्ष होती, तशी या नव्या हाकेला मिळण्यास अवधीच उरला नाही. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. शिवाय हाक एकाला आली तरी तिचा भार घराला वाहावा लागतो, याचे भान लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' देतात. चौथा पक्ष म्हणावा तो हाच; दोन्ही संज्ञांत त्याला जागा नाही.

सारांश, या संज्ञा परस्परांना पर्यायी नाहीत. पाचारणावाचून दीक्षा केवळ अधिकारपद ठरेल. दीक्षेवाचून पाचारण स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी राहणार नाही. दोहोंची कसोटी मात्र एकच : कोणाच्या निकडीसाठी ही हाक आली?