स्टीव्हन्सनचीं डोंगरी गांवें

प्रवासी गांवें पाहतो हें खरें; पण गांवेंही प्रवाशाला पाहतात, आणि तेंही लिहावयाचें असतें, हें फार थोड्या लेखकांस सुचतें. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचें सेव्हेन डोंगरांतील गाढवासंगतीच्या प्रवासाचें पुस्तक (१८७९) आम्हांस आवडतें तें याच गुणासाठीं. १८७८ च्या सप्टेंबरांत तो दक्षिण फ्रान्समधील ल मोनास्तिए या गांवाहून निघाला. ६५ फ्रँक व पेलाभर ब्रँडी देऊन घेतलेली मोदेस्तीन ही गाढवीण आणि निजावयाची एक प्रचंड पिशवी, एवढाच त्याचा लवाजमा. भर रस्त्यांत ओझें उलटतें, गांवकरी पोट धरून हंसतात, आणि ती फजिती तो मोकळेपणानें सांगतो.

परंतु जेव्होदां प्रांतांत त्याचा हा समतोल ढळतो. तिन्हीसांजा वाट विचारली असतां एका पोरीनें जीभ काढून दाखविली. पुढें फूझिलाक येथील घरधनी, पैसे देऊं केले तरी, अंधारांत उंबऱ्याबाहेर यावयास तयार होईना. रात्र उघड्यावर काढावी लागली. त्याचा राग आम्ही समजूं शकतों. पण याच प्रांतांत १७६४ ते १७६७ पर्यंत एका श्वापदानें सुमारें शंभर माणसें, बहुतेक बायकामुलेंच, मारलीं होतीं. स्टीव्हन्सनला ही हकीकत पूर्ण ठाऊक आहे; आणि तिचा उपयोग काय, तर अशीं पोरें खाणाऱ्या त्या श्वापदाविषयीं आपणांस सहानुभूति वाटूं लागली, हा विनोद! त्या घरधन्याची भीति कोठून आली असेल, हें तो क्षणभरही विचारीत नाहीं. अंधार पडल्यावर आमच्या सह्याद्रीतील वाडीवर तरी परक्यासाठीं किती दारें उघडतील?

पाइन वृक्षांखालील रात्रीचें त्याचें वर्णन सुप्रसिद्ध आहे; त्या निवाऱ्याचें भाडें म्हणून सकाळीं तो गवतावर नाणीं टाकीत जातो. प्रसंग गोड खरा, पण डोंगराशीं उदार होणें सोपें असतें. आमच्या मतें पुस्तकाचा कळस पुढेंच, तार्न नदीवरील पाँ-द-मोंव्हेर येथें आहे. याच गांवीं जुलै १७०२ मध्यें प्रॉटेस्टंटांचा छळ करणाऱ्या दु शेला या धर्मगुरूचा वध होऊन कामिसारांचें बंड पेटलें. स्टीव्हन्सनचें मन बंडखोरांकडे ओढतें, कारण स्कॉटलंडांतील कॉव्हेनंटरांच्या कथांवरच तो वाढलेला. तरी शेलानें तरुणपणीं चीनमध्यें स्वतः छळ सोसला, मेला म्हणून टाकून दिला असतां एका बहिष्कृताच्या दयेनें तो वांचला, हेंही तो सांगावयास चुकत नाहीं. पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या छळकाला जो न्याय मिळाला, तो फूझिलाकच्या भ्यालेल्या शेतकऱ्याला मिळाला नाहीं, ही आमची मुख्य तक्रार आहे.

बारा दिवसांत सुमारें १२० मैल चालून त्यानें मोदेस्तीनला ३५ फ्रँकांस विकलें, आणि मग तिच्यासाठीं रडला. आज त्या वाटेला त्याचेंच नांव आहे. भाड्याचीं गाढवें घेऊन हौशी लोक तीवरून जातात, आणि झाडांदगडांवर तांबडे-पांढरे पट्टे ओढलेले असल्यामुळें फूझिलाकजवळ कोणाचें दार ठोठवावें लागत नाहीं.