दोन वेळा की सहा वेळा? : स्नायूवर्धन, प्रथिने आणि मराठवाड्याचे ताट

प्रस्तावना :

मराठी समाजातील आहारविषयक चर्चा गेली काही वर्षे प्रामुख्याने एका संख्येभोवती फिरत राहिली आहे. दिवसातून किती वेळा खावे, हा तो प्रश्न होय. ऋजुता दिवेकर यांचे 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' हे इंग्रजी पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा विचार शहरी मध्यमवर्गात रुजला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचे ऋण मान्य करून, दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत मांडली. 'विनासायास वेट लॉस आणि मधुमेह प्रतिबंध' हे त्यांचे पुस्तक आणि गावोगावची व्याख्याने यांमुळे २०१८ च्या सुमारास या दोन मतांतील विरोध हा घरोघरी वादाचा विषय झाला. डॉ. दीक्षित यांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले असल्यामुळे मराठवाड्यात या विचाराला आपलेपणाचे स्थान मिळाले.

या दोन्ही मांडण्यांचा मूळ विषय वजन, मधुमेह आणि एकूण आरोग्य हा आहे. तथापि लोकव्यवहारात त्या व्यायामशाळेपर्यंत पोहोचल्या. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील जिममध्ये जाणारा तरुण घरात 'दोनदाच जेव' हा उपदेश ऐकतो आणि जिममध्ये 'सहा वेळा खाल्ल्याशिवाय अंग भरत नाही' हा सल्ला ऐकतो. स्नायूवर्धनाच्या संदर्भात या दोन्ही विधानांना कितपत आधार आहे आणि मराठवाड्याच्या प्रत्यक्ष आहारात त्यांचा अर्थ काय होतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन मांडण्यांचे स्वरूप :

डॉ. दीक्षित यांच्या मांडणीचा पाया इन्सुलिन हा आहे. प्रत्येक वेळी काही खाल्ले की शरीरात इन्सुलिन स्रवते, ते वारंवार स्रवत राहिले तर चरबी साठत जाते, म्हणून खाण्याच्या वेळा दोनवर आणाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा या पद्धतीचा गाभा आहे. श्रीमती दिवेकर यांच्या मांडणीत उठल्यानंतर लवकर खाणे, दर दोन तासांनी खाणे, श्रमाच्या वेळी अधिक व विश्रांतीच्या वेळी कमी खाणे आणि रात्रीचे जेवण झोपेच्या किमान दोन तास आधी संपवणे ही चार तत्त्वे आहेत.

दोन्ही मांडण्यांत एक समान गुण आहे. सामान्य माणसाला वजनकाटा किंवा कॅलरींचे तक्ते न देता दोघांनीही घड्याळाच्या आधारे पाळता येईल असा नियम दिला. त्यांच्या लोकप्रियतेचे रहस्य यातच आहे आणि त्यांची मर्यादाही येथूनच सुरू होते. घड्याळाने किती वेळा खाल्ले हे मोजता येते, ताटात काय होते हे मोजता येत नाही. जेवणात गोड कमी करून प्रथिने वाढवावीत, ही सूचना डॉ. दीक्षित यांच्या विचारात आहे. परंतु ती ऐकणाऱ्यांच्या स्मरणात 'दोन' आणि 'पंचावन्न' हे आकडे राहिले आणि प्रथिनांची सूचना मागे पडली. हा दोष संपूर्णपणे प्रवर्तकाचा म्हणता येणार नाही, परंतु प्रथिने नेमकी किती वाढवावीत याचा आकडा त्या दोन आकड्यांच्या पंक्तीला बसला असता तर परिणाम निराळा झाला असता.

स्नायूंच्या दृष्टीने संख्येचे स्थान :

स्नायूंची वाढ प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, स्नायूंवर क्रमाक्रमाने वाढता ताण टाकणारा व्यायाम. दुसरी, दिवसभरात मिळणारी एकूण प्रथिने. खाण्याच्या वेळांची संख्या यानंतर येते. २०१८ साली रॉबर्ट मॉर्टन व सहकाऱ्यांनी ४९ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायूंच्या वाढीला मदत होते आणि त्यापुढे सरासरीने फारसा लाभ दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

वेळांच्या संख्येविषयीचे पुरावे अधिक गुंतागुंतीचे आहेत. २०१३ साली होजे अरेटा व सहकाऱ्यांनी व्यायामानंतरच्या १२ तासांत ८० ग्रॅम प्रथिने तीन प्रकारे विभागून दिली : १० ग्रॅम आठ वेळा, २० ग्रॅम चार वेळा आणि ४० ग्रॅम दोन वेळा. स्नायूंतील प्रथिननिर्मिती चार वेळांच्या विभागणीत सर्वाधिक आढळली. म्हणजे दोन वेळा ही संख्या उणी पडली, आणि आठ वेळा ही संख्याही उणीच पडली. 'जितके जास्त वेळा तितके चांगले' या जिममधील समजुतीला हा प्रयोग आधार देत नाही. दुसरीकडे, २०२३ साली योर्न ट्रोमेलेन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात व्यायामानंतर एकाच वेळी १०० ग्रॅम प्रथिने घेतली असता त्यांचा उपयोग १२ तासांहून अधिक काळ होत राहिल्याचे दिसले. त्यामुळे 'एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने वाया जातात' हे सर्रास सांगितले जाणारे विधानही टिकत नाही. हे दोन्ही प्रयोग काही तासांतील प्रथिननिर्मितीचे आहेत, अनेक महिन्यांतील स्नायूवाढीचे नाहीत, ही मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते.

खाण्याचा काळ आखडता घेण्याविषयीचे दोन अभ्यास येथे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. २०१६ साली तातियाना मोरो व सहकाऱ्यांनी ताकदीचा नियमित व्यायाम करणाऱ्या ३४ पुरुषांचा आठ आठवडे अभ्यास केला. आठ तासांच्या आत सर्व खाणे उरकणाऱ्यांची चरबी घटली व स्नायू टिकून राहिले. २०२० साली डिलन लोव व सहकाऱ्यांनी स्थूल व्यक्तींवर केलेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात खाण्याचा काळ तितकाच आखडता होता. परंतु काय खावे याची सूचना नव्हती आणि व्यायामही नव्हता. तेथे जे थोडे वजन घटले त्यात चरबीव्यतिरिक्त वस्तुमानाचा वाटा मोठा आढळला. खाण्याची मुदत दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांचा.

इन्सुलिनविषयीही एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. मधुमेहाच्या संदर्भात इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण चिंतेचे ठरते, परंतु स्नायूंच्या संदर्भात तेच इन्सुलिन प्रथिनांची झीज रोखते. एका रोगाच्या संदर्भात शोधलेले तत्त्व शरीराच्या दुसऱ्या गरजेला जसेच्या तसे लावणे ही तर्काची चूक आहे.

ताटाचा हिशेब :

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला ही गरज ५४ ग्रॅम होते. आहार तृणधान्यप्रधान असेल तर प्रथिनांची प्रत कमी असल्याने ही गरज किलोमागे १ ग्रॅमच्या जवळ धरावी लागते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यासाठी १.६ ग्रॅमच्या हिशेबाने ती १०४ ग्रॅमपर्यंत जाते.

आता मराठवाड्यातील एक साधे जेवण पाहावे. दोन ज्वारीच्या भाकरी (१२० ग्रॅम पीठ) सुमारे १२ ग्रॅम, वाटीभर वरण (३० ग्रॅम तूरडाळ) साडेसहा ग्रॅम, भाजी दोन ग्रॅम आणि वाटीभर दही तीन ग्रॅम, अशी एकूण प्रथिने २४ ग्रॅमच्या आसपास भरतात. असे जेवण दोन वेळा घेतले तर ४८ ग्रॅम होतात. म्हणजे दोन वेळांच्या नियमाचे काटेकोर पालन करणारा मनुष्य पोट भरून जेवूनही किमान शिफारशीच्या खालीच राहतो. व्यायाम करणाऱ्याच्या गरजेच्या तर तो निम्म्यावरही पोहोचत नाही. दोन जेवणांत १०४ ग्रॅम साधायचे तर प्रत्येक ताटात ५२ ग्रॅम प्रथिने हवीत. हे अशक्य नाही, परंतु ताट बदलल्याशिवाय ते घडत नाही.

हेच ताट घरच्या पदार्थांनी भरता येते. ५० ग्रॅम मटकीची उसळ ११ ग्रॅम, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे साडेसात ग्रॅम, दोन अंडी १२ ग्रॅम, पाव लिटर दूध ८ ग्रॅम आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५ ग्रॅम प्रथिने देतात. मूळच्या ४८ ग्रॅममध्ये ही भर घातली की बेरीज १०० च्या पुढे जाते. भाकरीत उणे असलेले लायसीन हे ॲमिनो आम्ल डाळी व कडधान्यांतून मिळते. भाकरीबरोबर पिठले किंवा उसळ खाण्याची रीत या दृष्टीने शास्त्राला धरूनच आहे. उणीव आहे ती पातळ वरणाची आणि उसळीच्या लहान वाटीची.

सहा वेळांचा भ्रम :

वेळा वाढवल्या म्हणजे प्रथिने वाढतात, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. सकाळी चहा-बिस्कीट, मग पोहे, दुपारी जेवण, चार वाजता पुन्हा चहा व चिवडा, सायंकाळी केळे आणि रात्री जेवण असे सहा वेळा खाणाऱ्याच्या आहारात प्रामुख्याने कर्बोदके व तेल यांचीच भर पडते. संख्या तिप्पट होते, प्रथिने फार तर दहा-बारा ग्रॅमने वाढतात. ही उणीव जाणवली की प्रोटीन पावडरचा डबा विकत घेतला जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांनी शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे असे म्हटले आहे. तालमीतील जुन्या 'खुराक' या कल्पनेत दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचे माप महत्त्वाचे मानले जाई. तूप व बदाम यांतून प्रथिनांपेक्षा स्निग्धांशच अधिक मिळतो, हे खरे. तथापि पदार्थ व प्रमाण यांकडे पाहण्याची तिची दृष्टी आजच्या चर्चेत हरवली आहे.

संख्या निवडण्याचे स्वातंत्र्य :

या संपूर्ण वादात एक गृहीतक लपलेले आहे. आपण किती वेळा खावे हे प्रत्येक माणूस ठरवू शकतो, असे दोन्ही बाजू धरून चालतात. छत्रपती संभाजीनगरात पोलीस भरती व स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्याच्या गावांतून येणारा विद्यार्थी खोलीवर राहतो आणि मेसचा दोन वेळचा डबा खातो. पहाटे धावणे व गोळाफेकीचा सराव करणाऱ्या या मुलाची 'दोन वेळा' ही पद्धत कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. ती त्याच्या खिशातून आलेली आहे. वाळूज, शेंद्रा वा चिकलठाणा येथील कारखान्यांत पाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराच्या जेवणाच्या वेळा पाळीप्रमाणे बदलतात. घरातील सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला डाळ उरते तेवढीच येते. या तिघांनाही 'दोन की सहा' या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने काही लाभ होत नाही. मेसच्या डब्यात एक उकडलेले अंडे किंवा उसळीची दुसरी वाटी आली तर मात्र निश्चित होतो.

वयस्कांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. वाढत्या वयात स्नायूंचा प्रथिनांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे २०१३ सालच्या प्रॉट-एज या तज्ज्ञगटाने वृद्धांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. साठीतील मनुष्य दोनच वेळा जेवून व केवळ चालण्याचा व्यायाम करून वजन घटवतो, तेव्हा घटलेल्या वजनात स्नायू किती गेले हे वजनकाटा सांगत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणे कमी करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्नायूवर्धनाच्या दृष्टीने 'किती वेळा' हा प्रश्न दुय्यम आहे. दिवसाची एकूण प्रथिने पुरेशी असतील तर ती तीन-चार जेवणांत विभागणे सोयीचे व काहीसे लाभदायक ठरते. दोन जेवणांतही ती बसवता येतात, मात्र त्यासाठी ताटाची रचना जाणीवपूर्वक बदलावी लागते. डॉ. दीक्षित यांच्या पद्धतीने असंख्य लोकांना आपल्या खाण्याकडे पाहायला शिकवले आणि श्रीमती दिवेकर यांनी उपासमारीच्या आहारापासून लोकांना परावृत्त केले, हे दोघांचेही योगदान मान्य करावे लागेल. तथापि मराठवाड्यातील आहाराची खरी उणीव घड्याळात नसून डाळीच्या वाटीत आहे. तुरीचे पीक घेणाऱ्या या प्रदेशात वरण घट्ट होण्याचा प्रश्न हा जेवणांच्या संख्येपेक्षा अधिक अभ्यासाचा व अधिक कृतीचा विषय आहे.