वर्गणी कोणाला?

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्या छत्रपती संभाजीनगरात वर्षातून एकदाच भरतो. एरवी आधार घरच्या पडद्याचा. मग वर्गणी कोणाला द्यावी? चित्रपटांची संख्या मोजून नव्हे, असे आमचे मत आहे. अमर्याद भांडारात मुले चाळत बसतात, पाहत नाहीत. २०१९ साली भारतात आलेली ‘मुबी’ रोज एकच चित्रपट देई व तो ३० दिवसच ठेवी. ही शिस्त आम्हांस उपवासासारखी हितकर वाटे. २०२० मध्ये मोठा संग्रह जोडला गेला नि ती सैलावली. तरी निवडणारी नजर तेथे आहे. मात्र चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी ‘द डिसायपल’ २०२१ साली आला तो ‘नेटफ्लिक्स’वर! व्हॅटिकनने १९९५ मध्ये ४५ चित्रपटांची यादी केली होती. तीतील ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’, डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ कोठे मिळतात, हे पैसे भरण्यापूर्वी शोधावे.