उसनी रुची आणि घरचे वैद्यक

चार सुशिक्षित माणसे सायंकाळी एकत्र बसली म्हणजे तासाभरात पुस्तके, दूरचित्रवाणी, गाणे आणि प्रकृती या चारही विषयांचा निकाल लागतो. अशा गप्पांस नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. फडके-काणेकरांनी लघुनिबंधास जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती अशाच सहज मतप्रदर्शनाच्या बळावर. आमची तक्रार निराळी आहे. जेथे स्वतःचे मत हवे तेथे आपण ते उसने आणतो, आणि जेथे जाणत्याचे घ्यावे तेथे स्वतःचे ठोकून देतो.

प्रथम पुस्तकांचे पाहू. 'कोसला' ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली. 2014 सालचे ज्ञानपीठ पारितोषिक श्री. भालचंद्र नेमाडे यांस जाहीर झाले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी तिची प्रत विकत आणिली. कशी वाटली म्हणून विचारता, "ज्ञानपीठवाल्यांची आहे, उत्तमच असणार!" असे उत्तर मिळाले. पारितोषिक लेखकास मिळाले होते. वाचकाचे काम त्याने हलके झाले नव्हते. ती कंटाळवाणी वाटली असे सांगून का वाटली तेही सांगणारा वाचक आम्हांस अधिक आदरणीय वाटला असता. दूरचित्रवाणीचेही तेच. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यावर बरीच वर्षे साऱ्या आळीने एकच कार्यक्रम पाहावा आणि सकाळी त्यावर भांडावे, असा क्रम होता. आता किती तारे पडले ते पाहून कार्यक्रम निवडला जातो.

हेच स्नेही प्रकृतीच्या बाबतीत मात्र कमालीचे स्वतंत्र! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1991 साली कॉफीची गणना मूत्राशयाच्या कर्करोगास कदाचित कारण होणाऱ्या पदार्थांत केली, आणि 2016 साली अधिक पुरावा तपासून ते मत मागे घेतले. असली वर्गवारी पुरावा किती भक्कम हे सांगते, धोका किती मोठा हे सांगत नाही. आणि नव्या पुराव्याने जुने मत सोडणे हे तर शास्त्राचे भूषणच होय. आमच्या स्नेह्यांनी त्यातून एवढेच घेतले की, वैद्यांचे रोज नवे असते. त्या तर्काने त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. "मला तर काहीच होत नाही," हा त्यांचा पुरावा. वाढलेला रक्तदाब बहुधा काही जाणवू न देताच आपले काम करीत असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते. काही महिन्यांनी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

रुची आणि वस्तुस्थिती यांतील सीमा कुमार गंधर्वांच्या चरित्रात स्वच्छ दिसते. क्षयाने ग्रासलेले असता 1948 साली ते देवासला राहावयास गेले. एक फुप्फुस निकामी झाले. ते बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळी नव्या असलेल्या औषधाने. त्यानंतरच्या त्यांच्या गायकीवरून रसिकांत तट पडले, आणि ते पडावयासच हवे होते. ती तान तुटक की अर्थपूर्ण, हे ज्याने त्याने आपल्या कानाने ठरवावे. परंतु त्यांच्या छातीत काय चालले आहे हे ठरविणे रसिकांच्या कानाचे काम नव्हते.

आमच्या स्नेह्यांची वाचा आता थोडी परतली आहे. गोळी ते नेमाने घेतात. परवा भेटीस गेलो तेव्हा 'कोसला' उशाशी होती. निम्मी वाचून झाली होती. "नाही आवडली," असे ते मोठ्या कष्टाने म्हणाले, आणि का ते सांगू लागले. त्यांचे मत आम्हांस मान्य नव्हते. तरी तासभर बसून ऐकले.